बुरूज कोणी पाडला?

दिवाळीतला किल्ला कधी पडका नसतो. कुठल्याही अंगणात जाऊन बघा. विटा-दगडांच्या ढिगावर चिखलात बुडवून टाकलेलं गोणपाट, त्यावर हळीव पेरून चार दिवसांत उगवलेलं कोवळं रान, पुठ्ठ्याचा दरवाजा, गेरूनं रंगवलेल्या पायऱ्या, आरशाच्या तुकड्याचं तळं आणि सगळ्यांच्या वर सिंहासनावर महाराज. तट सलग, बुरूज गरगरीत, झेंडा ताठ. ज्या गडाच्या नावाची पाटी त्यावर लावलेली असते, त्या गडावर मात्र निम्मे चिरे दरीत गेलेले असतात. शाळेच्या सहलीत तो ढासळलेला तट डोळ्यांनी बघून आलेलं पोरही घरी येऊन अखंड तटच बांधतं. बांधू दे. सणाचे दिवस आहेत, आणि राज्य उभं करायला वर्षातून चारच दिवस मिळतात.

या किल्ल्यांचं मोजमापही मानपानावर चालतं. महाराज सगळ्यांत मोठे, बुरुजापेक्षाही उंच. मावळा दरवाजात शिरायचं म्हणेल तर त्याला आडवं व्हावं लागेल. पायथ्याचा प्लास्टिकचा वाघ गावातल्या घराएवढा. कोणाला खटकत नाही. खटकलं ते माझ्या भाच्याला, आणि तेही पुण्याला शिकायला गेल्यावर.

तिथे तो टेबलावरच्या लढायांच्या नादाला लागला. अठ्ठावीस मिलिमीटर उंचीचे सैनिक, त्यांना नखाएवढ्या ढाली, फासे, आणि चाल मोजायला शिंप्याची टेप. हा खेळ पोरकट आहे असं मला वाटायचं. मग त्यानंच सांगितलं की १८२४ साली राइसविट्झ नावाच्या प्रशियन अधिकाऱ्यानं नकाशावर ठोकळे आणि फासे मांडून असाच खेळ रचला आणि तिथल्या सैन्यानं तो आपल्या अधिकाऱ्यांना शिकवायला घेतला. १९१३ साली एच. जी. वेल्स या मोठ्या लेखकानं घरातल्या जमिनीवर खेळण्यातल्या तोफांनी शिशाचे शिपाई पाडायचे नियम लिहून त्यांचं पुस्तक काढलं. पुढच्याच वर्षी खरं महायुद्ध पेटलं. १९८३ साली इंग्लंडातल्या एका कंपनीनं 'वॉरहॅमर' बाजारात आणला आणि हा छंद जगभर गेला. आता त्या सैनिकांना लढायला डोंगर, पूल, झाडी लागते. आणि सगळ्यांत जास्त लागतात पडक्या दगडी माड्या.

पडक्याच का, हे मी विचारलं. उत्तर इतकं व्यवहारी निघालं की मला आवडलं. अखंड बुरुजाच्या आत हात जात नाही. आतला सैनिक उचलायचा कसा? छप्पर उडालेलं आणि एक बाजू कोसळलेली असली की हातही जातो, नजरही जाते, आणि उरलेल्या भिंतीआड लपायला जागाही मिळते. म्हणजे त्यांचा बुरूज खेळता यावं म्हणून पडलेला असतो, आणि आपला किल्ला बघायला बोलावायचं म्हणून उभा असतो.

दिवाळीच्या सुट्टीत तो निडीला आला तो असला एक बुरूज करायचा ठरवूनच. पेणकडून रोह्याला जाताना नागोठणं सोडलं की रोह्याच्या आधी निडीचं छोटं स्टेशन लागतं. भातं कापून झालेली, खाचरांत धसकटं उभी, ओल अजून पुरती गेलेली नाही. किल्ल्याच्या मातीला याहून चांगले दिवस नाहीत. त्यानं फोनवर चित्र दाखवलं: स्कॉटलंडमधला कुठलासा टेहळणीचा मनोरा, धुक्यात, वर कावळे. मी म्हटलं, एवढ्या लांब कशाला जातोस? मेढ्यावरून चढलं की अवचितगड आहे. पडकं हवं तेवढं आहे.

वाट गर्द रानातून जाते. वर पाण्याची टाकी आहेत, एक बाराकोनी तलाव आहे, आणि दक्षिणेकडच्या बुरुजापाशी शके १७१८ चा शिलालेख आहे. शके १७१८ म्हणजे इसवी सन १७९६. आणि १८१८ मध्ये कर्नल प्रॉथरच्या फौजेनं हा गड घेतला. कोणीतरी गवंडी लावून, चुना मळून, वर गणेशाला वंदन कोरून काम पुरं केलं, आणि बावीस वर्षांत सगळं संपलं. मला त्या आकड्याचं नेहमी वाईट वाटतं. बावीस वर्षं म्हणजे बांधताना चुन्याच्या पाट्या वाहणारं पोर अजून चाळिशीतही आलेलं नसणार.

भाच्याला वाईटबिईट काही वाटलं नाही. तो तटाच्या एका कोसळलेल्या कोपऱ्यापाशी उकिडवा बसला आणि म्हणाला, "आत्या, हा कोणी पाडला?"

आपण सवयीनं म्हणतो, इंग्रजांनी. रायगडाच्या बाबतीत ते खरंही आहे. त्याच प्रॉथरनं पोटल्याच्या डोंगरावरून तोफा डागल्या, वाडे जळाले आणि १० मे १८१८ ला गड पडला. पण या कोपऱ्यावर गोळ्याची खूण दिसत नव्हती. पोराचं म्हणणं असं की पाडणारा कोण ते कळल्याशिवाय पडलेलं बनवता येत नाही. तोफेनं पाडलेली भिंत निराळी दिसते, मुळांनी फोडलेली निराळी, पावसानं खाल्लेली निराळी, आणि घराच्या जोत्यासाठी माणसांनी चिरे काढून नेलेली तर अगदीच निराळी, कारण माणूस आधी नीट घडवलेला दगड उचलतो आणि ओबडधोबड तिथेच टाकतो. मी इतकी वर्षं गड बघते आहे, पण पडण्याला जाती असतात हे माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं.

मग आम्ही त्या भिंतीचं पोट बघितलं. तट म्हणजे एक भिंत नसते. बाहेरून एक, आतून एक अशा दगडांच्या दोन भिंती, आणि मध्ये दगडगोटे, माती, चुना यांची भर. वरून फांजी, म्हणजे पहाऱ्याची वाट. ती सलग आहे तोवर पाणी आत जात नाही. देखभालीचा माणूस गेला, की फांजीवर पहिलं गवत येतं. मग पिंपळाचं किंवा उंबराचं बी, पाखरानं टाकलेलं. या भागात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. तो भरीत मुरतो, चुना धुतो, माती फुगते, आणि बाहेरच्या भिंतीला पोट सुटतं. एखाद्या श्रावणात ती बाहेरच्या बाजूला बसते. आतली भिंत बऱ्याचदा तशीच उभी राहते. आम्ही बघत होतो तो कोपरा असा पडला होता: चिरे उतारावरून खाली रानात गेलेले, मधली भर उघडी पडलेली, आणि तिच्यात पिंपळाची मुळं शिरलेली.

तोफ लागलीच नव्हती. गडावर माणूस राहिला नाही एवढं पुरलं. मोठ्या गडांना आता बरे दिवस आले आहेत. २०२५ मध्ये युनेस्कोनं बारा किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यांत आपल्या जिल्ह्यातले रायगड आणि खांदेरी आहेत. अवचितगड त्या यादीत नाही, आणि पिंपळ याद्या वाचत नाही.

परतताना वाट वाकडी करून नागोठण्याला अंबा नदीवरचा जुना दगडी पूल बघितला. १५८० च्या सुमाराला चौलच्या काझी अल्लाउद्दीननं बांधलेला. पडलेलं कळायला उभं असलेलं एखादं बघावं लागतं, म्हणून. अलिबागचा कुलाबा किल्ला मात्र अवचितगडाच्या तटाच्या उलट. तिथे मोठाले चिरे चुन्याशिवाय नुसते एकावर एक रचलेले आहेत. फटींतून लाट आत शिरते आणि तिचा जोर तिथेच जिरतो. समुद्राशी ते जमतं. डोंगरावर पाऊस वरून येतो, त्याला फट म्हणजे आमंत्रण.

आता सामान. परदेशात हे लोक घरांच्या भिंतींत घालायचा एक गुलाबी नाहीतर निळा फोम वापरतात, त्यावर चुरगळलेल्या फॉइलचा गोळा दाबून दगडाचा पोत उठवतात. तो फोम रोह्याच्या बाजारात कुठे मिळणार? थर्माकोल कापला की साबुदाण्यासारखे दाणे सुटतात. पण आपण पेणच्या शेजारचे. पेण, हमरापूर, जोहे इथल्या गणपतीच्या कारखान्यांत प्लास्टरचा तुटवडा कधी नसतो. साच्यातून फुटून निघालेले हात, मोडलेले पाट, उरलेली पूड. ओळखीतून एक पिशवी आली. तुटलेल्या गणपतीचा बुरूज करायचा नाही, असं आईनं दारातच बजावलं, म्हणून नुसती पूड ठेवली आणि बाकीचं परत गेलं. ताटाला तेलाचं बोट फिरवून त्यात प्लास्टरची वडी थापली आणि सुकल्यावर हातानं मोडली. सुरीनं कापायची नाही, मोडायचीच. मोडलेली कड काळ्या कातळासारखी खरबरीत येते. ती कड बाहेर ठेवून फेविकॉलनं एकेक चिरा लावत जायचं.

इथे मला वाटलं होतं की पडका बुरूज करणं सोपं. अर्धाच तर बांधायचा. तसं होत नाही. पोरानं आधी अख्खा बुरूज बांधला, दुहेरी भिंतीचा, मध्ये वाळू आणि खडीची भर, वर फांजी, जंग्यांच्या, म्हणजे मारा करायच्या भोकांच्या, जागा सोडून. मग एक बाजू काढली, अवचितगडावर बघितली तशी: बाहेरची भिंत गेली, भर उघडी पडली, आतली भिंत उभी. जे बांधलंच नाही ते पडणार कुठून, असं त्याचं म्हणणं. काढलेले चिरे त्यानं फेकले नाहीत. मोजून पायथ्याशी उतारावर टाकले. वरून जेवढे गेले तेवढेच खाली दिसले पाहिजेत. बाजारातले महागडे पडके मनोरे इथेच फसतात म्हणाला. भिंत अर्धी, आणि खाली चार खडे. उरलेले दगड गेले कुठे?

त्यानं रंगवलाही नीट. आधी पूर्ण काळा. मग करडा. मग ब्रश कापडावर पुसून जवळजवळ कोरडा करायचा आणि फिक्या राखाडीचा हात नुसता वरवर फिरवायचा, की रंग फक्त कडांना लागतो आणि प्रत्येक दगड सुटा दिसायला लागतो. दगडावरच्या पांढुरक्या बुरशीसारख्या खपल्या कशा दाखवायच्या यावर अडलं होतं. मी गोड्या मसाल्याच्या डब्यातलं दगडफूल काढून दिलं. ते मुळात दगडावर आणि झाडावर वाढणारंच आहे. चुरडून चिकटवलं आणि बुरूज एकदम दोनशे वर्षांचा झाला. पिंपळाच्या मुळांना काथ्या.

आईला हे सगळं पसंत नव्हतं. दगडफुलाचं ती एकवेळ सोडून देईल, पण दिवाळीत घरात पडकं काही करू नये यावर ती ठाम होती. "नरकचतुर्दशीला घराला मोडकं दाखवतात का कधी?" शेवटी तोडगा निघाला. अंगणात शेजारच्या मुलांनी रीतसर अखंड किल्ला केला, पणत्या लावल्या, महाराज बसवले. पडका बुरूज आतल्या खोलीत, टेबलावर, आणि भाऊबीज झाल्यावरच खेळायचा. मला दोन्ही हवेसे वाटतात, पण खरं सांगायचं तर आतला जास्त. अंगणातला किल्ला बघून त्या पोरांना राजा कळतो, गवंडी कळत नाही. आणि आपल्या गडांना आज राजाएवढीच गवंड्याची गरज आहे. फांजीवरचं पहिलं गवत उपटणाऱ्या माणसाची तर त्याहून.

भाऊबीज झाल्यावर खेळ मांडला. बुरुजात माझे मावळे, बाहेर त्याचे. मी शहाणपणानं सगळे दरवाजाच्या बाजूला ठेवले. त्यानं दरवाजाकडे बघितलंही नाही. कोसळलेल्या चिऱ्यांचा जो उतार त्यानं मोजून घातला होता, त्यावरूनच त्याची माणसं वर आली. तोफांच्या काळात वेढा घालणारे याचीच वाट बघायचे म्हणे: तट असा पडावा की त्याच्याच दगडांनी खंदक भरेल आणि खिंडाराला चढ तयार होईल. नियम असा होता की दगडांच्या राशीवर निम्मी चाल. सहा इंच चालणारा सैनिक तिथे तीनच इंच जाणार. माझ्या उरलेल्या दोघांना मी त्याच वाटेनं खाली पळवत होते. तेवढ्यात आई चहा घेऊन आली आणि टेप हातात धरून थांबलेल्या आम्हा दोघांकडे बघत राहिली.

"खाली उतरताना किती?" तिनं विचारलं.

"तेवढीच. निम्मी," तो म्हणाला.

"कोणी ठरवलं?"

"नियमच आहे, आजी."

"नियम लिहिणारा कधी मोळी घेऊन सुट्या दगडांवरून उतरलाय का?" लग्नाआधी ती रानात सरपणाला जायची. "चढताना दगड पायाखाली दाबला जातो. उतरताना तो तुझ्या आधी निघतो. चढायला निम्मी ठीक आहे. उतरायला पाव कर."

भाच्यानं थोडा वेळ विचार केला आणि वहीत तसं लिहून घेतलं. त्या हिशेबानं माझे दोघंही दीड इंचावर अडकले आणि पुढच्याच फाशाला मेले.