मिस्त्री आणि मास्तर

‘मिस्त्री’ हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आला. त्यांच्या ‘मेस्त्रे’चं आपण मिस्त्री केलं. ‘मास्तर’ इंग्रजांकडून आला. दोन्हींचं मूळ मात्र एकच, लॅटिनमधला ‘मागिस्तेर’, म्हणजे आपल्या कामात मुरलेला, शिकवू शकणारा माणूस. उर्दूत तर दोघांना एकच शब्द चालतो. वर्गात शिकवणारा उस्ताद आणि गॅरेजमध्ये शिकवणाराही उस्तादच. ‘कसब’चंही तसंच. अरबीत त्याचा अर्थ कमाई, मराठीत कौशल्य. हलाल मार्गाने केलेली कमाई म्हणजे उर्दूतली कस्ब-ए-हलाल. भाषेने जे एकत्र ठेवलं, ते आपण का तोडलं, हा प्रश्न मला गेल्या महिन्यात गाडीचे प्लग बदलताना पुन्हा पडला.

गाडी जुनी, चार सिलिंडरची पेट्रोल हॅचबॅक. चढावर मिसिंग करू लागली, थांबली की थरथरायची, आणि इंजिनचा पिवळा दिवा लुकलुकू लागला. हा दिवा नुसता पेटला तर एकवेळ दोन दिवस थांबता येतं. लुकलुकत असेल तर थांबू नये. याचा अर्थ एखाद्या सिलिंडरमधलं पेट्रोल न जळताच बाहेर जातंय, आणि ते पुढे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जळून तो महागडा भाग खराब करतं.

स्टिअरिंगखालच्या सॉकेटला छोटा स्कॅनर लावला. कोड आला, पी ०३०३. शेवटचा आकडा सिलिंडरचा, म्हणजे तिसऱ्यात ठिणगी पडत नाही किंवा पडून उपयोग होत नाही. इथे बरेच जण चारही कॉइल बदलून मोकळे होतात. मी तिसरी कॉइल काढून दुसऱ्यावर बसवली, दुसरी तिसऱ्यावर. एक फेरी मारली, कोड पुन्हा वाचला. आता पी ०३०२. दोष कॉइलबरोबर गेला, म्हणजे दोष त्याच कॉइलचा. इंजिनचा नाही, उरलेल्या तिघींचाही नाही. बातमी आली की आधी शहानिशा करा, ही सूरह हुजुरातची शिकवण आपल्याला पाठ असते. बॉनेटखाली ती दहा मिनिटांत वापरून बघता येते.

कॉइलचं काम थोडक्यात असं. बॅटरीचे १२ व्होल्ट तिच्या जाड तारेच्या वेटोळ्यातून वाहतात. इंजिनचा संगणक तो प्रवाह अचानक तोडतो, आणि बारीक तारेच्या वेटोळ्यात २० ते ४० हजार व्होल्टचा दाब तयार होतो. प्लगच्या टोकाला एक मिलिमीटरच्या आसपास फट असते, ती फट हा दाब ओलांडतो, तीच ठिणगी. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर प्रत्येक प्लगला सेकंदाला २५ ठिणग्या द्याव्या लागतात. एवढं काम करणारी वस्तू बोटभर असते.

प्लगची मुदतही जवळ आली होती, म्हणून चारही नवे आणले, कॉइल एक. रविवारी सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवली. सातवीतली मुलगी टॉर्च धरून उभी. कॉइलचा कनेक्टर खटका दाबून काढायचा, तार ओढून नाही. १० नंबरचा बोल्ट सोडवायचा, कॉइल थोडी फिरवून सरळ वर खेचायची. प्लग खोल विहिरीत असतो. त्या विहिरीत हवा मारल्याशिवाय प्लग सोडवायचा नाही, नाहीतर कडेची वाळू थेट सिलिंडरमध्ये. मग आत रबर असलेली प्लगची गोटी, लांब एक्स्टेन्शन, आणि एका वेळी एकच प्लग.

निघालेले प्लग मुलीने कागदावर १ ते ४ आकडे घालून ओळीने ठेवले. प्लग वाचता येतो. टोक फिकट तपकिरी असेल तर सगळं ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. पांढरंफटक, फोड आलेलं टोक म्हणजे इंजिन फार तापतंय. आमचा तिसरा प्लग टोकाला पेट्रोलने ओला होता, आणि बाहेरून, पांढऱ्या चिनी मातीवर, ऑइल.

बसवताना मामूंचा शब्द आठवतो. ते गॅरेजमध्ये प्रत्येक पोराला सांगायचे, “पैले हात से बिठाव, पाना बाद में.” हेड ॲल्युमिनियमचं असतं आणि प्लग पोलादाचा. आटे वाकडे धरले आणि पाना लावला तर हेडचे आटे जातात, प्लग शाबूत राहतो. म्हणून प्लगच्या मागच्या टोकाला पेट्रोलच्या रबरी नळीचा तुकडा लावून बोटांनी फिरवायचं. वाकडा बसत असेल तर नळी नुसतीच घसरते. पूर्ण बसल्यावर गाडीच्या पुस्तिकेत असेल तेवढ्याच टॉर्कने आवळायचं. हे काम मुलीने दोन प्लगवर स्वतः केलं.

तेवढ्यात शेजारून जाणारे एक गृहस्थ थांबले. “सर, तुम्ही आणि हे काम? मिस्त्रीला बोलवायचं ना!” बोलणं आपुलकीचं होतं. पण त्यातला ‘हे’ मला ओळखीचा आहे.

सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालात मुसलमानांमध्ये स्वतःचा छोटा धंदा करणाऱ्यांचं प्रमाण मोठं असल्याचं नोंदलं आहे, आणि वाहनदुरुस्ती हे त्यातलं एक ठळक क्षेत्र आहे. आपली आडनावंच पाहा ना: अत्तार, तांबोळी, बागवान, पिंजारी, शिकलगार. हा सगळा महाराष्ट्राचा कामाचा हजेरीपट आहे. यातल्याच एका हुनराची आज शिवी झाली. ‘पंक्चरवाले’ हा शब्द मोबाइलवर कोण कोणाला उद्देशून लिहितं, ते वेगळं सांगायला नको. त्या शिवीचं खरं यश वेगळंच आहे. ती आपणही मान्य केली. घरोघरी आपण पोरांना सांगतो, शीक, नाहीतर पाना हातात घ्यावा लागेल.

माझ्या नववीच्या वर्गातल्या एका मुलाने फॉर्मवर वडिलांच्या व्यवसायापुढे ‘बिझनेस’ लिहिलं. वडिलांचं नाक्यावर गॅरेज आहे, हे मला ठाऊक होतं. मी काही विचारलं नाही.

बी.एड.ला आम्ही नई तालीम परीक्षेपुरती वाचली. १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींनी परिषद घेतली आणि हातकामातून शिक्षणाचा आराखडा करायला समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते डॉ. झाकिर हुसेन, पुढे भारताचे राष्ट्रपती झालेले. हस्तव्यवसाय हा शिक्षणाचा गाभा असावा, हे या आपल्याच मातीत, एका मुसलमान शिक्षणतज्ज्ञाच्या अध्यक्षतेखाली मांडलं गेलं. पण एक गोष्ट इथेच स्पष्ट करतो. मिस्त्रीच्या मुलाने मिस्त्रीच व्हावं, असं मी म्हणत नाही. त्याने डॉक्टर व्हावं, वकील व्हावं. फक्त तिथे पोहोचण्यासाठी त्याला बापाचा हात लपवावा लागू नये.

गाडी पहिल्या चावीत सुरू झाली, थरथर गेली. कोड पुसला, तो परत आला नाही.

सोमवारी चारही जुने प्लग वर्गात नेले. मराठीचाच तास होता, निरीक्षण करून वर्णन लिहायचं होतं. प्लग बाकांवरून फिरले. तो मुलगा तिसरा प्लग हातात घेऊन बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, “सर, ऑइल बाहेरून आलंय, आतून नाही. म्हणजे रिंग चांगल्या आहेत. टॅपेट कव्हरचं पॅकिंग गेलंय. त्या ऑइलनेच कॉइलचं रबर फुगलं असणार. पॅकिंग बदला, नाहीतर नवी कॉइलपण जाईल.”

निदान अगदी बरोबर होतं. वर्गाला ते फळ्यावर समजावून सांग म्हटलं, तर त्याने विहिरीसकट आकृती काढली. कुणी हसलं नाही, उलट दोन प्रश्न विचारले.

पॅकिंगचं काम त्याच्या वडिलांकडे दिलंय. पुढच्या वर्षी फॉर्मवर काय लिहायचं, ते त्याचं तो ठरवेल.