पाऊस नसलेला किनारा

समुद्र म्हटला की माझ्या डोळ्यांपुढे आधी हिरवा रंग येतो, निळा मागाहून. माड, सुरू, केवडा आणि त्यांच्या फटींतून चमकणारं पाणी. पेरूमधल्या पाराकासच्या राखीव क्षेत्रात म्हणूनच पाऊल अडलं. लाटांवर पेलिकनांची लांबलचक रांग चाललेली, पाणी मासळीनं भरलेलं, आणि काठावर गवताची काडीही नाही. पिवळट, करडी, मधूनच गुलाबी जमीन सरळ समुद्रात उतरते.

दोन्ही गोष्टी घडवतो तो हम्बोल्टचा थंड प्रवाह. वारा वरचं पाणी लोटून नेतो, तळाचं गार, सकस पाणी वर येतं. त्यावर अँचोवी पोसते, अँचोवीवर पक्षी आणि समुद्रसिंह. त्याच गारव्यानं किनाऱ्यावरची हवा जड होऊन खालीच राहते. धुकं येतं, पाऊस जवळजवळ येतच नाही. १९७५ मध्ये पेरूनं इथलं सुमारे ३ लाख ३५ हजार हेक्टर क्षेत्र राखीव केलं, आणि त्यात निम्म्याहून अधिक समुद्र घेतला. हे मला फार शहाणपणाचं वाटतं. नुसतं वाळवंट राखलं असतं, तर ते ज्याच्यामुळे झालं तो समुद्रच वाऱ्यावर सोडल्यासारखं झालं असतं.

प्लाया रोहा नावाच्या किनाऱ्यावर वाळू लालसर आहे. शेजारच्या खडकाची ती झीज. लोक तिचे फोटो काढत होते. मला मात्र लिमाच्या संग्रहालयातल्या, इथेच सापडलेल्या शालींचा लाल आठवत होता.

पुरातत्त्वज्ञ हुलिओ तेय्यो १९२५ मध्ये पाराकासला आले. दोनच वर्षांनी वारी कायान इथे त्यांच्या चमूला मृतांची ४२९ गाठोडी सापडली. प्रत्येकात गुडघे छातीशी घेऊन बसवलेलं माणूस, भोवती साध्या सुती कापडाचे थर, आणि मोठ्या गाठोड्यांत त्या थरांमध्ये घातलेल्या भरजरी नव्हे, पण भरगच्च भरतकामाच्या शाली. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या. लोकरीच्या दोऱ्यांनी, आपण फुलांचे देठ भरतो त्या टाक्यानं, अख्खी शाल भरलेली. केस मोकळे सोडून उडणारी माणसं, मांजरं, पक्षी. एकच आकृती शालभर पुन्हा पुन्हा येते, पण रंग बदलत, तिरक्या ओळींनी सरकत. लाल अजून लाल आहे, निळा अजून निळा. काही शालींवरचं काम अर्धवटच राहिलंय. पुढच्या आकृत्यांची जागा मोकळी आहे. सुई कुणी खाली ठेवली, का ठेवली, या विचारानं मी त्या काचेपुढे कितीतरी वेळ उभी होते. माझ्या आईच्या लुगड्यांचा रंग माळ्यावरच्या पेटीत पाच-सहा पावसाळ्यांतच विटला. इथे पाऊस नव्हता, म्हणून या अनामिक बायांचे की बाप्यांचे हात आपल्यापर्यंत पोचले.

सगळं मात्र पेरूत राहिलं नाही. १९३०च्या दशकात बरीच वस्त्रं चोरट्या वाटेनं स्वीडनमधल्या गोथेनबर्गला गेली. २०१४ पासून ती परत येऊ लागली. उशिरा का होईना, हे झालं याचा मला मनापासून आनंद आहे.

पण जो कोरडेपणा रंग जपतो, तो आपली पावलंही जपतो. आपल्याकडे मृगाची एक सर चिखलातले सगळे माग पुसून टाकते. इथे चाकाचा चरा वर्षानुवर्षं तसाच राहतो. दक्षिणेला, जमिनीवर काढलेल्या नाझ्काच्या प्राचीन रेषांपाशी, २०१४ मध्ये ग्रीनपीसचे कार्यकर्ते हमिंगबर्डच्या चित्राजवळ चालत गेले, पर्यावरणाचाच संदेश मांडायला, आणि त्यांच्या पावलांच्या खुणा जमिनीवर उमटून राहिल्या. हेतू चांगला होता, एवढ्यानं ती जमीन सावरली नाही.

तेव्हा पाराकासला गेलात तर गाडी आखल्या रस्त्यावरच ठेवायला सांगा, आणि फोटोसाठी चार पावलंसुद्धा बाजूला टाकू नका. लिमामध्ये एक दिवस त्या शालींसाठी जरूर राखून ठेवा.