एक्क्याची हूल

दौंड शटलने हडपसर सोडलं की कुणाच्या तरी गुडघ्यांवर बॅग आडवी होते आणि पानं पिसली जातात. लोणी, उरुळी, यवत करत केडगावला परतणाऱ्या नोकरदारांचा हा मेंढीकोट. 2017 मध्ये या मार्गावर डेमू आली, तरी पत्त्यांचा अड्डा मोडला नाही.

चौघे खेळणारे, समोरासमोरचे जोडीदार, प्रत्येकाला 13 पानं. जास्त दश्श्या ज्यांच्याकडे, त्यांचा डाव. चारही आल्या तर कोट, आणि कोट खाल्लेल्यांना दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत चिडवून घ्यावं लागतं.

चॅलेंज या पत्त्यांच्या दुसऱ्या खेळात थाप तोंडाने मारतात. बंद पानं टाकून ‘तीन राण्या’ म्हटलं की झालं. मेंढीकोटात पानाबद्दल चकार शब्द काढायचा नसतो, म्हणून हूल पानानेच द्यावी लागते. समजा, प्रतिस्पर्ध्याने इस्पिकचा राजा उतरला. मुरलेल्या खेळाडूच्या हातात एक्का आहे, तरी तो निमूटपणे छक्की टाकतो. राजा हात घेऊन जातो. उतरणाऱ्याची खात्री पटते, की एक्का आपल्याच जोडीदाराकडे आहे आणि आपल्या राजावर त्याने तो वाया घालवला नाही. पुढच्या उतारीला तो बिनधास्त इस्पिकची दश्शी सोडतो. तेव्हा एक्का बाहेर येतो!

यात धोका आहेच. दुसऱ्या फेरीत कुणाकडे इस्पिक उरलं नसेल, तर दाबून ठेवलेला एक्का हुकमाने कापला जातो. शिवाय हूल दोघांना द्यायची, पण तिसऱ्याला ती उमगली पाहिजे. शेवटचं पान आपलं असेल आणि जोडीदाराने आधीच घाबरून दश्शी कापली, तर त्याचा हुकूम फुकट जातो. खरा कस इथेच लागतो. जोडीदाराची खेळी कळायला महिनोन्‌महिने एकत्र बसावं लागतं.

1967 साली सर्वोच्च न्यायालयाने रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ मानला. पडलेली पानं ध्यानात ठेवावी लागतात, हे त्याचं एक कारण. मेंढीकोटात पानांबरोबर माणसंही ध्यानात ठेवावी लागतात. कोण राजा दाबतो, कोण घाईने हुकूम फोडतो, आणि खुटबाव मागे पडलं की केडगावला उतरणारा कसा धाडसी होतो, हे ज्याला ठाऊक, त्याला हूल देणं अवघड.

या अड्ड्यावर पैसे लावू नयेत. पैसे आले की चेष्टा संपते आणि भांडण सुरू होतं. आणि खोकून किंवा नाक खाजवून जोडीदाराला खूण करणं ही हूल नव्हे, ती लबाडी आहे. अशाला पुढच्या डावात पानं वाटू नयेत.