लाखाचा स्वल्पविराम

'हे एका देशापुरतं आहे, कोअरमध्ये बसत नाही.' एवढा शेरा मारून माझी पुल रिक्वेस्ट बंद केली गेली. बरीच वर्षं झाली, पण राग गेलेला नाही.

बिलावर 12,34,567 छापायचं होतं, 1,234,567 नाही. आमचं सगळं जावात. जावाच्या स्वतःच्या डेसिमलफॉरमॅटला हे जमत नाही. '#,##,##0' असा पॅटर्न दिला तरी तो शेवटच्या गटाची लांबी तेवढी बघतो आणि सगळीकडे तीन-तीन अंकच तोडतो. आयसीयू लायब्ररीत हे नीट होतं, पण ती जड म्हणून आमच्याकडे बंद. मग मी छोटं फंक्शन लिहिलं, टेस्टसकट, आणि कंपनीच्या कोअर लायब्ररीसाठी पाठवलं.

नकारानंतर प्रत्येक टीमने आपापलं लिहिलं. कुणी माझंच कॉपी केलं, कुणी इंटरनेटवरून उचललं. एकाचं कोटीला चुकायचं: 123,45,678. दुसऱ्याने उणे चिन्हही अंकांत धरलं आणि दहा हजारांचा परतावा '-,10,000' असा छापून ग्राहकाच्या हातात गेला. तिथे दुरुस्ती झाली, बाकीच्या टीमना पत्ताच नाही. आणि त्याच कोअरमध्ये अमेरिकेतल्या राज्यांची यादी सुखाने नांदत होती! ती एका देशापुरती नव्हती? मी बैठकीत सरळ विचारलं. उत्तर आलं, 'ती आधीपासून आहे.' एवढंच. पुढचा विषय सुरू.

आता कोअरमध्ये काय घ्यायचं हे ठरवणाऱ्यांत मीही आहे, आणि बहुतेकांना मीही नाहीच म्हणते. आत घेतलेलं बाहेर काढणं फार अवघड असतं. पायथनमधली जुनी मॉड्यूल काढण्याचा प्रस्ताव 2019 साली आला. सीजीआय, टेलनेटलिब धरून 19 मॉड्यूल प्रत्यक्षात गेली ती 2024 मध्ये, 3.13 आवृत्तीत. बाहेर राहून पक्कं होणंही चांगलंच. जोडा-टाइम कितीतरी वर्षं बाहेर वापरात होतं, त्या अनुभवावर 2014 साली जावा 8 मध्ये तारीख-वेळेची नवी लायब्ररी आली. त्यामुळे तेव्हाच्या त्या नकारामागची सावधगिरी मला आज पटते. दिलेलं कारण मात्र अजिबात पटत नाही.

तुमच्याकडे हा निर्णय असेल, तर शेरा लिहिण्याआधी तेच फंक्शन किती रिपॉझिटरींत कॉपी झालंय ते शोधा. आणि नाही म्हणायचंच असेल, तर त्या टीमना एकत्र बसवून एक वेगळी छोटी लायब्ररी तरी करू द्या.