आसोद्याची बार्ड

जळगावच्या त्या तरुणाला ‘बाल्डर्स गेट ३’ या व्हिडिओ गेममध्ये आसोद्याच्या कवयित्री बहिणाबाई चौधरींसारखी गाणारी बार्ड, म्हणजे गायक-कवी पात्र, घडवायची होती. पात्राच्या क्षमतांमध्ये वाटायला २७ गुण. एखादी क्षमता ८ वरून १५ वर न्यायची, तर ९ गुण जातात.

शहाणपण १५, वाणीची छाप १५. उरले ९. खानदेशच्या उन्हात शेतात राबणाऱ्या बाईला ताकद ८ कशी द्यायची? ती १३ केली, त्यात ५ गेले, उरलेले दमसासाला. चपळाई आणि बुद्धी ८ वरच राहिल्या.

बुद्धीचा आकडा त्याला फार खुपला. बहिणाबाई निरक्षर होत्या. गाणी त्यांचे पुत्र सोपानदेव यांनी उतरवून घेतली, १९५२ साली पुस्तक आलं. खेळात मात्र बुद्धी म्हणजे बरीचशी पोथीतली विद्या, म्हणून त्याने मन घट्ट केलं.

ऑनलाइन सोबतीला आलेल्या धुळ्याच्या मित्राने लढवय्या घेतला. चौघांच्या टोळीत वाटाघाटीला आधी ही बार्डच पुढे होणार, हे दोघांनी ठरवूनच टाकलं.