सात पाण्यांचं पीठ

कोळिकोडजवळच्या एका गावात, मित्राच्या घरामागच्या उतारावर मी ईंदाचं झाड पहिल्यांदा पाहिलं. वाटलं, माडाचंच कुणी बुटकं भावंड असावं. तसंच एकेरी खोड, माथ्यावर तसाच झावळ्यांचा झुबका. जवळ जाऊन हात फिरवला तेव्हा फरक कळला. माडाच्या खोडावर वळी असतात. इथे गळून गेलेल्या पानांच्या देठांचे खवले होते, सुसरीच्या पाठीसारखे. मित्राची उम्मा, म्हणजे आई, म्हणाली, मी लग्न होऊन आले तेव्हाही हे जवळजवळ एवढंच होतं.

खजुराला मल्याळीत ईंदप्पळम म्हणतात, म्हणजे ईंदाचंच नाव त्याच्याही वाट्याला आलं आहे. पण हे झाड खजुराचंही नव्हे नि माडाचंही नव्हे. याचं शास्त्रीय नाव सायकस सर्सिनॅलिस. याला फूल येतच नाही. नात्यानं पाहिलं तर माड गवताला जवळचा आणि ईंद देवदाराच्या गोतातला. नर वेगळा, मादी वेगळी. नराच्या शेंड्यावर हातभर लांब, नारिंगी-तपकिरी शंकू उभा राहतो. मादीच्या शेंड्यावर लवदार, पानासारखी अंगं वर्तुळात उमलतात आणि त्यांच्या कडांना बिया उघड्यावरच धरतात.

मला सगळ्यांत भुरळ घालते ती पुढची गोष्ट. पराग पोहोचला तरी मीलन लगेच होत नाही, मध्ये महिने जातात. मग बीजाच्या आतल्या इवल्याशा ओलाव्यात नरबीज सुटतं आणि आपल्या हजारो केसांनी चक्क पोहत मादीकडे जातं. १८९६ साली जपानच्या इकेनो यांनी याच्याच एका भावंडात हे पाहिलं. कोरड्या जमिनीवर उभ्या झाडानं आपल्या पोटात शेवाळाचं डबकं जपून ठेवलं आहे! लोक याला डायनासोरच्या काळातलं झाड म्हणतात, ते मला अर्धंच पटतं. कूळ तेवढं जुनं आहे खरं, पण आजच्या सायकसच्या जाती त्या मानानं अगदी अलीकडच्या आहेत.

बी कच्चं खाल्लं तर विष. उम्मा ते दोन फाकी करून उन्हात टाकते, टरफल काढते, मग मगज पाण्यात. रोज पाणी बदलायचं, सात दिवस. ते पाणी गुरांच्या वाटेवर ओतायचं नाही, हे तिनं मला दोनदा बजावलं. विष पाण्यात उतरतं, हे कुणाच्या तरी आजीनं कधीतरी जीव धोक्यात घालूनच ओळखलं असणार. मग पुन्हा वाळवण, दळण, आणि त्या पिठाच्या बोराएवढ्या गोळ्या मटणाच्या रश्शात शिजतात. ती ईंदपिडी. चव मातकट, किंचित कडसर. दुसऱ्या घासाला ती जिभेवर स्थिरावते.

डच अधिकारी व्हॅन ऱ्हीड यांच्या ‘होर्तुस मलाबारिकुस’च्या तिसऱ्या खंडात, १६८२ साली, हे झाड ‘तोड्डा पन्ना’ या नावानं छापलं गेलं. त्याच ग्रंथाच्या पहिल्या खंडात रंगभट, विनायक पंडित आणि आपूभट या कोचीच्या तीन कोकणी वैद्यांची साक्ष नागरी लिपीत आहे. आपली अक्षरं तिथवर पोहोचली होती, याचं मला अप्रूप वाटतं.

आता झाडं विरळ होत चालली आहेत. मांडवाच्या सजावटीसाठी पानं ओरबाडतात, नराचा शंकू मदनमस्त म्हणून औषधाच्या बाजारात जातो. इतक्या सावकाश वाढणाऱ्या झाडाकडून इतक्या घाईनं घेणं मला बघवत नाही.

निघताना उम्मानं एक बी हातावर ठेवलं. पुण्यात कुंडीत लावलं. कित्येक महिने नुसती माती. मग एका सकाळी एक पान वर आलं होतं, आणि त्याची प्रत्येक पात नेच्यासारखी आत वळलेली, झोपल्या बाळाच्या मुठीसारखी. नर की मादी, ते कळायला अजून बरीच वर्षं आहेत. मित्राला फोन केला. मागून उम्माचा आवाज आला, पाणी जास्त घालू नकोस म्हणावं.