संगणकाचा पंखा आणि अण्णांचे कान

सोलापुरात मार्चपासून जूनपर्यंत घरातला कोणता ना कोणता पंखा अखंड फिरत असतो. छताचा पंखा, खिडकीतला पाण्याचा कूलर आणि स्वयंपाकघरातल्या फ्रिजची घरघर यांची आपल्याला इतकी सवय झालेली असते, की वीज गेल्यावरच घर किती गजबजलेले होते ते उमगते. अलीकडे या गजबजाटात घरच्या संगणकाच्या पंख्याची भर पडली आहे. आरोग्याच्या पाक्षिकात संगणकाच्या पंख्याविषयी एका डॉक्टराने का लिहावे, असे वाचकांना वाटेल. त्याचे कारण असे, की आमच्या घरी हा प्रश्न यंत्राचा म्हणून नव्हे, तर ऐकण्याचा म्हणून उभा राहिला.

माझे वडील, अण्णा, आज ८१ वर्षांचे आहेत. येथील एका कापडगिरणीत साच्यांवर त्यांच्या आयुष्याची ३१ वर्षे गेली. साच्यांच्या खात्यात माणसे एकमेकांशी बोलत नसत. ओठांच्या हालचाली आणि हातवारे यांवर सारा व्यवहार चाले. तिथला आवाज ९० डेसिबलच्या वर जाई, आणि कानांत बोळे घालण्याची पद्धत तेव्हा नव्हती. अशा आवाजात वर्षानुवर्षे काम केल्यावर अंतर्कर्णातील नाजूक रोमपेशी मरतात आणि त्या पुन्हा उगवत नाहीत. ऱ्हास प्रथम ४००० हर्ट्झच्या आसपासच्या, म्हणजे चढ्या पट्टीच्या ध्वनींपासून सुरू होतो. शहराच्या पूर्व भागातून माझ्या दवाखान्यात येणाऱ्या यंत्रमाग कामगारांत ही तक्रार मी गेली अनेक वर्षे पाहत आलो आहे. चादर आणि टॉवेल यांनी या शहराला नाव दिले. त्याची थोडी किंमत विणणाऱ्यांच्या कानांनी मोजली आहे.

या बहिरेपणाचे एक लक्षण घरच्यांना फार गोंधळात टाकते. रुग्ण म्हणतो, "ऐकू येतं, पण कळत नाही." आपल्या बोलण्यातील स्वर खालच्या पट्टीचे आणि जोरकस असतात; स, श, च, फ, त यांसारखी व्यंजने चढ्या पट्टीची आणि हळवी असतात. स्वर पोहोचतात, व्यंजने गळतात. 'चहा' आणि 'सहा' यांत मग फरक राहत नाही. दोन वर्षांपूर्वी अण्णांना श्रवणयंत्र बसवले, तेव्हा महिनाभरात त्यांचा स्वभावच बदलल्यासारखा झाला. ते पुन्हा गप्पांत बसू लागले आणि नातवाची थट्टा करू लागले.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत चिरंजीवांसाठी नवा संगणक घेतला. तो अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि त्रिमितीय आराखड्यांचे जड काम त्याला घरीच करावे लागते. संगणक बैठकीच्या खोलीत, अण्णांच्या दिवाणापासून सहा-सात फुटांवर ठेवला. एप्रिल लागला आणि अण्णा श्रवणयंत्र काढून खिशात ठेवू लागले. विचारले तर म्हणत, "कानात वारं शिरतंय." काही दिवस नीट पाहिल्यावर दिसले, की यंत्र काढण्याची वेळ आणि संगणक सुरू होण्याची वेळ एकच आहे. श्रवणतज्ज्ञ बाईंनी त्याचा उलगडा केला. श्रवणयंत्र बोलणे मोठे करते, तसा पंख्याचा सू-सू आवाजही मोठा करते. तो आवाज नेमका हळव्या व्यंजनांवर पसरतो आणि त्यांना झाकून टाकतो. त्या म्हणाल्या, "डॉक्टर, यंत्राची सेटिंग मी थोडी बदलून देते, पण खोलीतला आवाज कमी झाला तर त्यांना याहून जास्त फायदा होईल."

यात काय पणाला लागले होते, हे डॉक्टर म्हणून मला सांगितले पाहिजे. 'लॅन्सेट'च्या स्मृतिभ्रंशविषयक आयोगाने २०२४ च्या अहवालात स्मृतिभ्रंशाचे धोके वाढवणारे, पण बदलता येण्याजोगे १४ घटक सांगितले आहेत. श्रवणदोष त्यांपैकी एक आहे. ज्याला ऐकू येत नाही तो बोलणे सोडतो, बोलणे सोडलेला माणूस घरात राहूनही एकटा पडतो, आणि एकटेपण मेंदूला मानवत नाही. खिशात पडून राहिलेले श्रवणयंत्र म्हणजे न घेतलेले औषध.

संगणक दुसरीकडे हलवावा, ही सूचना पहिल्याच दिवशी झाली. पण वरची खोली थेट स्लॅबखाली आहे. एप्रिल-मेमध्ये बाहेर पारा ४० च्या पुढे जातो, तेव्हा त्या खोलीत संध्याकाळपर्यंत माणूसही टिकत नाही. तेव्हा यंत्र आहे तिथेच ठेवून शांत करायचे ठरले. चिरंजीव आणि मी मिळून महिनाभर हा उद्योग केला. त्यातून जे हाती लागले ते इतर कुटुंबांना उपयोगी पडेल, म्हणून सांगतो.

पहिली गोष्ट आवाजाच्या मापाची. डेसिबलचे गणित साध्या बेरजेचे नाही. १० डेसिबलची वाढ आपल्या कानाला सुमारे दुप्पट मोठी वाटते. एक मीटरवरचे नेहमीचे संभाषण ६० डेसिबलच्या आसपास असते. आपल्याकडच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. शयनगृहात मात्र सतत चालणारा आवाज ३० डेसिबलच्या वर नसावा, असे जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ च्या मार्गदर्शक तत्त्वांत म्हटले. मोबाइलवरील आवाज मोजण्याचे ॲप अचूक नसते, पण आधीचा आणि नंतरचा आकडा ताडून पाहायला ते पुरते.

दुसरी गोष्ट उष्णतेची. संगणकाचा प्रोसेसर ७५ अंश सेल्सिअसवर आहे असे पडद्यावर दिसले, की घरच्यांच्या काळजात धस्स होते, कारण आपल्या मनात ताप म्हणजे ३८ अंश हे गणित पक्के असते. मानवी शरीर चार-पाच अंशांची वाढ सोसू शकत नाही. प्रोसेसरची घडण वेगळी आहे. आजचे बहुतेक प्रोसेसर ९५ ते १०० अंशांच्या मर्यादेजवळ पोहोचल्यावर स्वतःचा वेग आपोआप कमी करतात. काम चालू असताना ७० ते ८० अंश ही त्यांची सामान्य प्रकृती होय. पंखा ओरडून यंत्र ५५ अंशांवर ठेवण्याने यंत्राचे फारसे हित होत नाही, घरच्यांचे मात्र अहित होते. एवढे लक्षात ठेवावे, की पंखा फक्त खोलीतली हवा फिरवतो, ती थंड करत नाही. डिसेंबरात खोली २२ अंशांवर असते आणि मेमध्ये ३७ वर. तेच काम करताना प्रोसेसरही साधारण तेवढाच, म्हणजे १५ अंशांनी जास्त तापतो. म्हणून थंड गावातल्या मित्राने सांगितलेली सेटिंग सोलापुरात जशीच्या तशी चालत नाही.

तिसरी गोष्ट पंख्याच्या निवडीची. पंख्याच्या फेऱ्या निम्म्या केल्या, की हवेचा प्रवाह निम्मा होतो, पण आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो. सारी युक्ती या एका नियमात आहे. एक पंखा जोरात पळवण्याऐवजी तसेच दोन पंखे निम्म्या वेगाने फिरवले, तर हवा तेवढीच मिळते आणि आवाज सुमारे १२ डेसिबलने कमी होतो. तसेच लहान पंख्याला जेवढी हवा ढकलायला धाप लागते, तेवढी मोठा पंखा संथपणे ढकलतो. आमच्या कॅबिनेटमध्ये ८० मिलिमीटरचा एकच पंखा होता. तो काढून पुढे १४० मिलिमीटरचे दोन आणि मागे १२० मिलिमीटरचा एक बसवला. प्रोसेसरवरचा बसका कूलर काढून तांब्याच्या नळ्यांचा उभा टॉवर कूलर घातला. पाण्याने थंड करणाऱ्या यंत्रणेचा आग्रह दुकानात झाला. पण तिलाही शेवटी पंखे लागतात, शिवाय पंपाची बारीक घुरघुर वेगळी. घरगुती कामाला तिची गरज नाही.

पंखे घेताना तारा मोजाव्यात. चार तारांच्या पंख्याला मदरबोर्ड वेगळ्या तारेने वेगाचा संकेत देतो. त्या संकेताचे स्पंदन सेकंदाला २५ हजार असते, आणि आपल्या कानाची मर्यादा २० हजारांवर संपते, म्हणून ते ऐकू येत नाही. तीन तारांच्या पंख्याचा वेग विजेचा दाब कमी-जास्त करून बदलतात. मदरबोर्डच्या बायॉसमध्ये प्रत्येक जोडणीसाठी 'पीडब्ल्यूएम' किंवा 'डीसी' असा पर्याय असतो. चार तारांना पहिला आणि तीन तारांना दुसरा निवडावा. तीन तारांचा पंखा पहिल्या पर्यायावर राहिला, तर तो सदैव पूर्ण वेगाने फिरतो, आणि घरचे लोक पंख्यालाच दोष देतात.

चौथी आणि सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे वेगाचे नियंत्रण. तिला एक पैसाही लागत नाही. कानाला मोठ्या आवाजापेक्षा बदलता आवाज अधिक छळतो. एकसुरी मंद आवाज मेंदू बाजूला सारतो. दर मिनिटाला चढणारा-उतरणारा आवाज त्याला पुन्हापुन्हा दचकवतो. संगणकावर नुसते एखादे पान उघडले तरी प्रोसेसरचे तापमान क्षणात १५-२० अंशांनी उसळते आणि लगेच उतरते. कूलरच्या जड धातूला तापायला त्याहून पुष्कळ वेळ लागतो, म्हणून त्या उसळीमागे पंख्याने धावण्याचे कारण नसते. रक्तदाब एकदा वाढलेला दिसला म्हणून आम्ही लगेच गोळी सुरू करत नाही, पुन्हा मोजतो. पंख्यालाही तोच धीर शिकवावा. बायॉसमध्ये पंख्याची तापमान-वेग रेषा आखता येते. आम्ही ६० अंशांपर्यंत वेग ३५ टक्क्यांवर स्थिर ठेवला, ७५ अंशांना ५५ टक्के, ८५ ला ८० टक्के आणि ९० ला पूर्ण. वेग बदलण्यापूर्वी काही सेकंद थांबण्याची सोय होती, ती वापरली. उन्हाळ्यासाठी आणि हिवाळ्यासाठी अशा दोन रेषा जतन करून ठेवल्या आहेत.

लॅपटॉप असलेल्यांना पंखे बदलता येत नाहीत. त्यांनी विंडोजच्या पॉवर पर्यायांत प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० ऐवजी ९९ टक्के करून पाहावी. बहुतेक यंत्रांत त्यामुळे अतिवेगाचे झटके थांबतात आणि पंखा शांत राहतो. नेहमीच्या लेखन-वाचनात फरक जाणवत नाही.

पाचवी गोष्ट धुळीची आणि जागेची. आपल्या शहराच्या हवेत धूळ भरपूर, आणि यंत्रमागांच्या वस्तीत कापसाचे तंतूही असतात. ते कूलरच्या पात्यांत नमद्यासारखे बसतात, हवा अडते आणि पंखा जोर धरतो. समोरची जाळी उन्हाळ्यात दर पंधरवड्याला झटकावी. आतली सफाई करताना वीज काढून, यंत्र अंगणात नेऊन, मऊ ब्रशने करावी. ब्लोअर वापरला तर पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे, नाहीतर ते बेफाम फिरून बेअरिंग बिघडते. दम्याच्या रुग्णाने हे काम करू नये. इतरांनी तोंडाला मास्क लावावा. कॅबिनेट भिंतीपासून वीतभर दूर असावे. ते लोखंडी टेबलावर थरथरत असेल तर खाली रबराचे तुकडे ठेवावेत. घडी केलेली चादर मात्र घालू नये, कारण पुष्कळ कॅबिनेटना खालून हवा लागते. खिडकीतल्या पाण्याच्या कूलरचा ओला झोतही थेट यंत्रावर येऊ देऊ नये.

शेवटी परीक्षा यंत्राची नव्हे, कानाची घ्यायची. दवाखान्यात आम्ही कुजबुज-चाचणी करतो: रुग्णाच्या मागे हातभर अंतरावर उभे राहून अक्षरे आणि आकडे कुजबुजायचे आणि त्याला ते परत म्हणायला सांगायचे. तीच मी घरात उलटी वापरली. अण्णांच्या दिवाणावर, चांगले कान असलेल्या माझ्या पत्नीला बसवले आणि संगणक चालू ठेवून तिच्या मागे कुजबुजलो. जुन्या पंख्याबरोबर ती सहापैकी तीन अक्षरे चुकली होती. नव्या मांडणीत एकही चुकली नाही. धडधाकट कानाला जिथे अक्षरे निसटतात, तिथे अण्णांनी काय ऐकावे?

मे महिन्याच्या दुपारी आराखड्याचे जड काम चालू असले, की आजही पंखा ऐकू येतो. तेव्हा चिरंजीवांनी ते काम रात्री दहानंतर नेले आहे. अण्णा तोवर श्रवणयंत्र डबीत ठेवून झोपलेले असतात आणि हवाही उतरलेली असल्यामुळे पंख्याला कमी पळावे लागते. दिवसा मात्र श्रवणयंत्र अण्णांच्या कानात असते.

ज्या घरात वडीलधाऱ्या माणसाला श्रवणयंत्र दिले आहे आणि ते सारखे काढून ठेवले जाते, त्या घरच्यांना माझी एक विनंती आहे. हट्टीपणा, म्हातारपण, यंत्राची खराबी ही कारणे मनात आणण्यापूर्वी त्यांच्या नेहमीच्या जागी दहा मिनिटे बसा, डोळे मिटा आणि खोलीतले आवाज मोजा. एकेक बंद करून पाहा. संगणक असेल तर प्रथम जाळी साफ करा, मग वेगाची रेषा नीट आखा. एवढ्याने भागले नाही तरच पंखे बदला. आधीच्या दोन गोष्टींना खर्च नाही, आणि पुष्कळ घरांत तिसरीची वेळही येणार नाही.